करंट किती वेळा वाचायचा? लॉगरचा सॅम्पल रेट आणि मोजमापातली चूक

बॅटरीवर चालणारा एखादा वायफाय सेन्सर घ्या. दर ६० सेकंदांनी तो जागा होतो, २५० मिलिसेकंदांत माहिती पाठवतो आणि पुन्हा झोपी जातो. जागेपणी सरासरी १०० मिलिअँपिअर, झोपेत २० मायक्रोअँपिअर. हिशेब केला तर मिनिटाची खरी सरासरी ०.४४ मिलिअँपिअर येते. म्हणजे २,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, तिची स्वतःची गळती बाजूला ठेवली, तर साधारण आठ महिने पुरावी.

आता त्यालाच दर सेकंदाला एक रीडिंग घेणारा लॉगर, म्हणजे करंट वाचून फाइलमध्ये लिहिणारं यंत्र, जोडा. ज्या मिनिटात एक रीडिंग त्या पाव सेकंदात पडलं, त्या मिनिटाची सरासरी दिसते १.६९ मिलिअँपिअर. ज्या मिनिटात पडलं नाही, तिथे ०.०२. पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवला तर बॅटरी दोन महिन्यांत संपते, दुसऱ्यावर ठेवला तर चौदा वर्षं चालते. शंट (करंट मोजायला वायरीत घातलेला छोटा रेझिस्टर) अचूक, कॅलिब्रेशन ताजं, तरी उत्तरात ८४ पटींचा फरक. त्यातही वाईट म्हणजे ६० सेकंद हा १ सेकंदाच्या बरोबर पटीत आहे. दोन्ही घड्याळं नीट चालत असतील तर प्रत्येक मिनिटाला रीडिंग त्याच जागी पडतं, आणि दिवसभराचा लॉग चुकीच्या आकड्यावर अगदी स्थिर दिसतो. स्थिर आकडा दिसला की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो.

सॅम्पल घेणं वेगळं, नोंद करणं वेगळं

बहुतेक चुका या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. सॅम्पल रेट म्हणजे एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा चिपचा भाग) सेकंदाला किती वेळा करंट वाचतो. लॉग इंटरव्हल म्हणजे फाइलमध्ये ओळ किती वेळाने लिहिली जाते. लॉग मिनिटाला एक ओळ असला तरी काही बिघडत नाही, फक्त ती ओळ त्या मिनिटात घेतलेल्या हजारो सॅम्पलांचा निचोड असायला हवी. मिनिटाच्या शेवटी घेतलेलं एकुलतं एक रीडिंग नको. स्मार्ट मीटरचा लोड प्रोफाइल १५ किंवा ३० मिनिटांचा असतो आणि तरी तो बिलाला चालतो, कारण आतला चिप सतत मोजत असतो आणि ब्लॉक संपला की बेरीज लिहितो.

म्हणून पीझेम-००४टी सारखं एसी मोजणारं तयार मोड्यूल वापरत असाल तर त्यातला करंट दर मिनिटाला वाचून युनिटं काढू नका. त्यातलं एनर्जी रजिस्टर वाचा आणि दोन वाचनांतली वजाबाकी घ्या. बेरीज मोड्यूलच्या आतच चालू असते, तुम्ही पाच मिनिटांनी वाचा की पाच सेकंदांनी. डीसीसाठी आयएनए२२८ मध्ये चार्ज आणि एनर्जी दोन्हीची बेरीज चिपमध्येच होते, तिथेही हेच करा.

५० हर्ट्झचा सापळा

घरगुती एसी करंटची एक सायकल २० मिलिसेकंदांची. सेन्सरचा तात्कालिक करंट सेकंदाला एकदा वाचला तर दोन वाचनांमध्ये जवळजवळ ५० पूर्ण सायकली जातात. ग्रिड नेमकी ५० हर्ट्झवर असती तर प्रत्येक वेळी लहरीचा तोच बिंदू हाती आला असता. भारतात ग्रिड ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवतात, त्यामुळे बिंदू हळूहळू सरकतो. ग्रिड ४९.९७ वर असेल तर १० अँपिअर आरएमएसच्या (तेवढीच उष्णता देणारा डीसी करंट; लहरीचं शिखर त्याच्या १.४१ पट) स्थिर गीझरचा आलेख साधारण ३३ सेकंदांत +१४.१ पासून −१४.१ पर्यंत खाली जाऊन परत वर येतो. पाहणाऱ्याला वाटतं, लोड कमीजास्त होतोय. लोड जागच्या जागी असतो. ती लाट फक्त ५० हर्ट्झ आणि लॉगरचा वेग यांच्या फरकातून उगवलेली असते. यालाच एलियासिंग म्हणतात, आणि एकदा फाइलमध्ये शिरलं की नंतर कुठल्याही फिल्टरने ते बाहेर काढता येत नाही.

‘सर्वात वरच्या फ्रीक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त’ हा नियम सगळे पाठ म्हणतात. तो लहरीचा आकार परत उभा करण्यासाठी आहे. फक्त आरएमएस हवा असेल आणि लोड स्थिर असेल तर अट सौम्य आहे: सॅम्पलं लहरीच्या सगळ्या भागांवर सारखी पसरली पाहिजेत. एडीएस१११५ हा एडीसी चिप सेकंदाला जास्तीत जास्त ८६० सॅम्पलं देतो, म्हणजे सायकलला १७. मोबाइल चार्जर किंवा एलईडी ड्रायव्हर प्रत्येक अर्ध्या सायकलीत दोन-तीन मिलिसेकंदच करंट ओढतात, तेव्हा त्या टोकावर दोन-तीन सॅम्पलंच पडतात. तरी काही सेकंदांची सरासरी घेतली तर आरएमएस बराच बरोबर येतो, कारण ८६० आणि ५० एकमेकांत अडकत नाहीत. शिखराची उंची मात्र अशा लॉगमधून वाचू नका. आणि त्या चिपचं घड्याळ १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, म्हणून ‘८६०’ हा आकडा हिशेबात धरू नका, वेळ कंट्रोलरच्या घड्याळाने मोजा.

सॅम्पल रेटइतकीच मोजणीची खिडकी महत्त्वाची. खिडकीत पूर्ण सायकली मावल्या नाहीत तर उरलेला तुकडा आरएमएस बिघडवतो. २५ मिलिसेकंदांच्या खिडकीत सव्वा सायकल येते, तिथे चूक ६ टक्क्यांवर जाऊ शकते, आणि ती कधी अधिक, कधी उणे. सव्वादहा सायकलींच्या खिडकीत तीच चूक ०.८ टक्क्यावर उतरते. २०० मिलिसेकंद, म्हणजे १० सायकली, हा सोयीचा आकडा आहे. पॉवर क्वालिटी मोजण्याच्या आयईसी ६१०००-४-३० या मानकातही ५० हर्ट्झसाठी हीच मूळ खिडकी आहे. ग्रिड ४९.९ वर गेली तरी या खिडकीची चूक जेमतेम ०.१ टक्का राहते. परदेशातून आणलेल्या बेंच मीटरवर लाइन फ्रीक्वेन्सी ६० वर सेट आहे का, तेही एकदा बघा. त्याची खिडकी मग १६.६७ मिलिसेकंदांच्या पटीत चालते आणि आपल्याकडचा ५० हर्ट्झचा हम रीडिंगमध्ये झिरपतो.

सीटी आणि आर्डुइनो ऊनो: एक चालणारी मांडणी

एससीटी-०१३-००० हा क्लॅम्प सीटी (वायरीभोवती अडकवायचा करंट ट्रान्सफॉर्मर) १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देतो, म्हणजे गुणोत्तर २,००० ला १. यात बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा) नसतो, तो बाहेरून लावायचा. १०० अँपिअर आरएमएसचं शिखर १४१ अँपिअर, सेकंडरीत ७०.७ मिलिअँपिअर. ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर, जसा ऊनो, अर्धे म्हणजे २.५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे बर्डन ३३ ओहम. ३.३ व्होल्टच्या बोर्डवर २२ ओहम. दोन १० किलोओहमच्या रेझिस्टरांनी मधला व्होल्टेज तयार करा, त्याला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. आधी बर्डन जोडा, मग क्लॅम्प वायरवर चढवा. क्लॅम्पमधून फक्त फेजची वायर जाऊ द्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गेल्या तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो आणि रीडिंग शून्याजवळ येतं. डीबीचं (वीज वाटणाऱ्या पेटीचं) झाकण मेन स्विच बंद करूनच उघडा.

ऊनोचा एडीसी एका वाचनाला साधारण ११२ मायक्रोसेकंद घेतो, सेकंदाला सुमारे ८,९०० सॅम्पलं, सायकलला १७८. हे भरपूर आहे. पण हा वेग फक्त वाचन केलं तरच मिळतो. मधे गणित आलं की घटतो, आणि मधे सिरियल प्रिंट आलं की कोसळतो. ९,६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. चार आकडे आणि ओळ बदलण्याची दोन अक्षरं धरली तर सेकंदाला १६० ओळी, म्हणजे सायकलला तीन सॅम्पलं. अनेकांचा ‘ऊनो स्लो आहे’ हा निष्कर्ष खरं तर प्रिंटच्या ओळीमुळे निघतो.

लूप असा लिहा. मायक्रोसेकंदांचं घड्याळ बघून सुरुवात करा आणि २,००,००० मायक्रोसेकंद होईपर्यंत वाचत राहा. प्रत्येक वाचनातून ५१२ (० ते १,०२३ या एडीसीच्या पट्ट्याचा मध्य) वजा करा, मग एका बेरजेत तो आकडा आणि दुसऱ्या बेरजेत त्याचा वर्ग मिळवा. सॅम्पलं मोजत चला. खिडकी संपल्यावर वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या. यात शून्यबिंदू आपोआप सुधारतो, कारण मधला व्होल्टेज कधीच नेमका ५१२ वर नसतो. दोन ठिकाणी इथे हमखास चूक होते. ऊनोवर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची, ३२,७६७ पर्यंतच. २०० चा वर्ग ४०,००० होतो आणि उलटून ऋण बनतो, म्हणून गुणाकाराआधीच संख्या ३२ बिटांची करून घ्या. आणि ५१२ वजा न करता थेट वर्ग घेतले तर एका सेकंदाच्या खिडकीत ३२ बिटांची चिन्ह असलेली बेरीजही भरून वाहते.

आलेल्या उत्तराला ०.२९६ ने गुणलं की अँपिअर मिळतात. हा आकडा कुठून येतो ते बघा: ५ व्होल्ट भागिले १,०२४, भागिले ३३, गुणिले २,०००. यूएसबीवर बोर्डला खरे ४.८ व्होल्टच मिळत असतील तर सगळी रीडिंगं ४ टक्क्यांनी जास्त दिसतील, त्यामुळे व्होल्टेज मीटरने मोजून घाला.

याच आकड्यात वेगाने न सुटणारी अडचणही आहे. एडीसीची एक पायरी ०.३ अँपिअरची आहे. ९ वॉटचा एलईडी बल्ब या मांडणीला दिसणारच नाही. रेट दुप्पट करा, दसपट करा, उपयोग नाही. जास्त सॅम्पलांनी यादृच्छिक नॉइज घटतो, सॅम्पलं चौपट केली की नॉइज निम्मा. पण ज्या सिग्नलने एक पायरीही ओलांडली नाही, तो सरासरीने सापडत नाही. अशा वेळी वायरचे क्लॅम्पमधून पाच वेढे घ्या आणि उत्तर पाचाने भागा.

व्होल्टेजही मोजत असाल तर

ऊनोत एडीसी एकच आहे, दोन चॅनल तो पाळीपाळीने वाचतो. व्होल्टेज आणि करंट यांच्यात ११२ मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं, ५० हर्ट्झवर ते २ अंश. हीटरसारख्या लोडला हे जाणवत नाही. पॉवर फॅक्टर ०.५ असेल, म्हणजे करंट ६० अंश मागे, तर ६० ऐवजी ६२ अंश धरले जातात आणि वॉटमध्ये ६ टक्के चूक येते. उपाय सोपा आहे: व्होल्टेज, करंट, पुन्हा व्होल्टेज असं वाचा आणि दोन व्होल्टेजांची सरासरी त्या करंटशी गुणा. सीटीचा स्वतःचा फेज फरक वेगळा असतो, तो शुद्ध हीटर लावून पॉवर फॅक्टर १ येईल असा जुळवा.

ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डवर आणखी एक काळजी: वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिना वापरता येत नाहीत, ३२ ते ३९ पैकीच एखादी पिन घ्या.

बॅटरीच्या उपकरणाला आयएनए२१९

सुरुवातीच्या सेन्सरकडे परत येऊ. आयएनए२१९ या डीसी करंट मोजणाऱ्या मोड्यूलवर ०.१ ओहमचा शंट असतो. १२ बिटांच्या एका रूपांतरणाला ५३२ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्या संपूर्ण काळाचा करंट त्यात मुरतो. पण नेहमीच्या लायब्ररीत चिप आधी शंट, मग बस (पुरवठ्याचा) व्होल्टेज असं आलटून पालटून मोजत असतो. अर्धा वेळ तो करंटकडे बघतच नाही. १२८ सॅम्पलांची सरासरी लावलीत तर ६८ मिलिसेकंद करंट, पुढची ६८ व्होल्टेज. २५० मिलिसेकंदांच्या जागेपणातला मोठा तुकडा असा निसटतो. चिप फक्त शंटच्या सतत मोजणीवर ठेवा, सरासरी १२८, आणि कन्व्हर्जन रेडी बिट (नवं रीडिंग तयार झाल्याची खूण) बघूनच वाचा. त्याहून वेगाने वाचलं तर तेच रीडिंग दोनदा मोजलं जातं. प्रत्येक रीडिंग दोन वाचनांमधल्या खऱ्या वेळेने गुणून बेरीज करत जा. पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणाऱ्या) लोडलाही हीच मांडणी बरी पडते: ९८० हर्ट्झचा एक फेरा १.०२ मिलिसेकंदांचा, ५३२ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत त्याचा जेमतेम अर्धा भाग येतो आणि रीडिंग उड्या मारतं. ६८ मिलिसेकंदांत ते शांत होतं.

शिखरं गुळगुळीत करायला इनपुटला मोठा रेझिस्टर आणि कपॅसिटर लावायचा मोह होतो. डीसी सरासरीला असा फिल्टर तत्त्वतः चालतो, पण आयएनए२१९ च्या इनपुटला १० ओहमपेक्षा जास्त रेझिस्टर लावला तर मोजमापच चुकतं. एसी आरएमएसला तर फिल्टर विचार करूनच लावा, कारण तो हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतल्या वरच्या लहरी) खाऊन टाकतो आणि आरएमएस कमी दाखवतो.

झोपेतले २० मायक्रोअँपिअर मात्र या मोड्यूलला दिसत नाहीत. त्याची एक पायरी १० मायक्रोव्होल्टची, ०.१ ओहमवर १०० मायक्रोअँपिअर. झोपेत एका पायरीची चूक झाली तरी मिनिटाची सरासरी ०.४४ ची ०.५४ होते. म्हणून झोप वेगळी मोजा. सप्लायच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यावर जंपर ठेवा. जंपर लावूनच उपकरण सुरू करा, नाहीतर १०० मिलिअँपिअरला त्याच्यावर १० व्होल्ट पडू पाहतील आणि ते उठणारच नाही. चाचणीपुरती झोप १० मिनिटांची करा. झोपल्यावर काही सेकंद थांबून जंपर काढा आणि मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचा. २ मिलिव्होल्ट म्हणजे २० मायक्रोअँपिअर. उपकरण जागं होण्याआधी जंपर परत लावा. झोपेचा आणि जागेपणाचा आकडा आपापल्या वेळेने गुणून मिळवा.

मोटर सुरू होताना

५ एचपीचा तीन फेजचा पंप चालताना साधारण ७.५ अँपिअर घेतो, थेट सुरू करताना सहापट धरली तर ४५. दोन सेकंद हे चाललं तर त्या मिनिटाची सरासरी ८.७५ येते. लॉग बघून वाटतं, पंप जरा जड चालतोय. ४५ चा पत्ताच लागत नाही. शेतात ऑटो स्विच लावलेला पंप वीज आली की केव्हाही सुरू होतो, त्यामुळे समोर उभं राहून टाँग टेस्टरने बघणंही जमत नाही. व्होल्टेज कमी असेल तर सुरुवातीचा करंट थोडा कमी पण जास्त वेळ टिकतो, आणि ओव्हरलोड रिलेला तोच काळ महत्त्वाचा असतो.

यासाठी प्रत्येक अर्ध्या सायकलीचा, १० मिलिसेकंदांचा, आरएमएस काढा. ऊनोची रॅम २ किलोबाइट आहे, कच्ची सॅम्पलं तिच्यात पाव सेकंदाचीही मावत नाहीत. ३ सेकंदांचे ३०० आरएमएस मात्र ६०० बाइटांत बसतात. ते गोल फिरणाऱ्या बफरमध्ये लिहीत राहा. करंट १५ अँपिअरच्या वर गेला की पुढची अडीच सेकंदं भरू द्या, मग लिहिणं थांबवून सगळा बफर कार्डवर उतरवा. आधीचा अर्धा सेकंदही त्यात राहतो. एमसीबी कधी ट्रिप होतो, कधी नाही, असा प्रश्न असेल तर तात्कालिक शिखरही ठेवा: ४५ अँपिअरचं शिखर ६४, आणि स्विच लहरीच्या कुठल्या बिंदूला लागला त्यावर पहिलं शिखर त्याहून बरंच वर जातं. सी कर्व्हचा १० अँपिअरचा एमसीबी ५० ते १०० अँपिअरमध्ये झटक्यात सुटतो. गडबड नेमकी त्या पट्ट्यात असते. ३० अँपिअरचा, १ व्होल्ट देणारा एससीटी-०१३-०३० या कामाला लावू नका, ४५ अँपिअर त्याच्या रेंजबाहेर आहेत.

व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटवर हा सीटी आणि ऊनो लावून मिळालेल्या आकड्याला अर्थ नाही. इनपुट बाजूला मोजा.

फाइलमध्ये काय लिहायचं

प्रत्येक ओळीत वेळ, सरासरी, किमान, कमाल आणि सॅम्पलांची संख्या. शेवटचा आकडा बहुतेक जण गाळतात, आणि लॉगरचा बिघाड सगळ्यात आधी तिथेच दिसतो. एसडी कार्ड अधूनमधून लिहिताना २५० मिलिसेकंदांपर्यंत अडून बसू शकतं. त्या काळात सॅम्पलं पडत नाहीत, आणि संख्या नसेल तर ते कळतही नाही.

कुठली सरासरी ठेवायची, हे कामावर ठरतं. बॅटरीची क्षमता काढायला करंटची साधी सरासरी. वायर किती तापेल यासाठी आरएमएस. अर्धा मिनिट २ अँपिअर आणि अर्धा मिनिट १० अँपिअर असेल तर साधी सरासरी ६, आरएमएस ७.२. दहा मिनिटांचे आरएमएस एकत्र करताना आकड्यांची सरळ सरासरी काढू नका: वर्ग करा, सरासरी घ्या, मग वर्गमूळ. एक्सेलमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त होते. युनिटांसाठी वॉटची सरासरी, करंटची नाही.

सगळी कच्ची सॅम्पलं साठवू नका. सेकंदाला १,००० ओळी, ओळीला १२ बाइट, दिवसाला १ जीबी होतं, आणि महिन्याभरात ती फाइल कोणी उघडत नाही. हवा तेवढा एखादा मिनिट कच्चा घ्या, बाकी निचोड ठेवा.

रेट पुरेसा आहे का, हे कसं तपासाल

स्थिर लोड लावा, २ किलोवॉटचा गीझर किंवा इस्त्री, थर्मोस्टॅट सुटण्याआधी. २३० व्होल्टवर २ किलोवॉटला ८.७ अँपिअर यायला हवेत. सलग ५० खिडक्या घ्या. त्यांच्यातला पसारा १ टक्क्याहून जास्त असेल तर आधी खिडकी तपासा, मग नॉइज.

नंतर खरा लोड लावून रेट निम्मा करा. उत्तर बदललं नाही तर रेटमध्ये वाव आहे. बदललं तर मूळ रेटही कदाचित अपुराच होता, दुप्पट करून बघा. मात्र दुप्पट-निम्मा करताना लॉगर लोडच्या तालात अडकलेला असेल तर दोन्ही वेळा तेच चुकीचं उत्तर येईल. म्हणून तिसरी चाचणी बेढब आकड्याने करा: १,००० मिलिसेकंदांऐवजी ९९७, १०० ऐवजी ९७. या बदलाने दिवसभर स्थिर असलेला आकडा हलायला लागला, तर तो आकडा लोडचा नव्हता, दोन घड्याळं एकमेकांत अडकल्याचा होता.